घटातला कापूस

"चार वर्षांच्या पोरीला रमवायचं, त्यात काय एवढं? मी अख्खं बांधकाम खातं सांभाळलंय," असं त्र्यंबकराव मुलाला फोनवर म्हणाले, आणि माणूस फसतो तो असल्याच वाक्यांनी फसतो. खातं वगैरे काही त्यांनी सांभाळलं नव्हतं, खात्यातलं आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. पण निवृत्त होऊन दहा वर्षं झाली की टेबलाचं खातं होतंच. कोल्हापुरात तर पाच वर्षांतच होतं.

गणपती पाण्यात गेले आणि मोहित पुण्याहून भैरवीला घेऊन राजारामपुरीतल्या फ्लॅटवर हजर झाला. त्याच्या बायकोच्या, पूर्णिमाच्या, पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं होतं, आता इंजेक्शनं चालू होती. त्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. मोहित 'ट्रीटमेंट' म्हणे, त्र्यंबकराव 'प्रकरण' म्हणत आणि त्यांची थोरली बहीण अक्का नुसतं वर बघत असे. अक्का तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. त्र्यंबकरावांची बायको गेल्यावर मोहितला तिनंच वाढवलं. आता पंचाहत्तरीत मोहितची पोर पदरात आली.

मोहितनं जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. पोरीच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, आणि तिला आईच्या आठवणीनं रडू द्यायचं नाही. पोरीबरोबर कपड्यांची एक बॅग होती आणि मुठीत आईचा जांभळा केसांचा चाप होता. त्याच्या दातांत पूर्णिमाचे लांब काळे केस अडकलेले होते. अक्का म्हणाली, "आण गं, धुऊन देते," तर पोरीनं असा गळा काढला की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. मग कुणी चापाला हात लावला नाही. ती तो उशाशी घेऊन झोपायची.

मोबाईल पोरीला बंद होता, त्र्यंबकरावांना नव्हता. त्यांनी बाथरूमला कडी लावून व्हिडिओ बघायला सुरुवात केली. लहान मुलांना घरच्या घरी, हातानं काहीतरी करायला देऊन कसं शिकवावं, हे एक बाई हसत हसत सांगत होती. तिच्या मागची भिंत पांढरीशुभ्र, सतरंजीवर एक डाग नाही आणि समोरचं पोर तर इतकं शहाणं की ते पोर आहे की भाड्यानं आणलंय अशी शंका यावी. त्र्यंबकरावांना शंका आली नाही. त्यांच्या अंगात खातं संचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात 'उपक्रम' सुरू झाला.

पहिला उपक्रम, कडधान्यं वेगळी करणे. अक्का देवळात गेली होती तेवढ्यात यांनी फडताळातली मटकी, मूग, मसूर, चवळी आणि राजमा सगळं एका परातीत ओतून हातानं छान कालवलं. भैरवीनं राजमा तेवढा उचलून बाजूला काढला, "झालं," म्हणाली आणि उठून गेली. तिच्या बाजूनं ते खरंच झालं होतं. पण हातात घेतलेलं प्रकरण अर्धवट सोडणं त्र्यंबकरावांच्या स्वभावात नव्हतं. ते स्वतःच गॅलरीत मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन मूग आणि मटकी वेगळी करत बसले. समोरच्या फ्लॅटमधली वर्षाराणी कपडे वाळत घालायला आली.

"काय ओ काका, अक्कांनी बसवलं जणू निवडायला?"

"हा शैक्षणिक उपक्रम आहे," काका न बघता म्हणाले.

"व्हय? मग आमचं तांदूळ पण आणून देते की. लई खडं हायत. तेवढंच शिक्षण."

अक्का आली, परात बघितली. तिनं सगळं पातेल्यात लोटलं आणि भिजत घातलं. त्या आठवड्यात घरात एकच उसळ झाली आणि ती संपेचना. पितृपक्ष चालू होता, त्यातच त्र्यंबकरावांच्या बायकोची तिथी आली. पानावर वाढायला दुसरं काही शिजवायला अक्काला उसंत मिळाली नव्हती. गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला, त्यानं उसळीकडे मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. "तिला कळलं बघ, तू काय करून ठेवलंयस ते," एवढंच अक्का म्हणाली. पण कावळा शिवला नाही हे तिच्या मनात बसलं, आणि पुढं जे झालं त्याला हेही एक कारण होतं.

दुसरा उपक्रम, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे. यानं म्हणे हाताला वळण लागतं. वळण लागलं ते पाण्याला. ते गॅलरीच्या कडेनं वळून खालच्या मजल्यावर धैर्यशीलच्या घरच्या गाद्यांवर गेलं. नवरात्र तोंडावर आलं म्हणून त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या गाद्या धुऊन-झटकून उन्हाला टाकल्या होत्या. धैर्यशील सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाई आणि तो स्वतः त्याच्या मागून येई.

"ओ काका! वरनं पाऊस पडालाय की!"

"उपक्रम चालू आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

"उपक्रम तुमचा आणि गाद्या आमच्या? आता रात्री काय तुमच्या उपक्रमावर झोपू?" असं म्हणत तो आत येऊन बसला, चहा प्यायला आणि जाताना गाडीची किल्ली टीपॉयवर विसरून गेला. ही किल्ली लक्षात ठेवा.

तिसरा उपक्रम बी पेरण्याचा. बी घरात होतं, माती नव्हती. फ्लॅटमध्ये माती येते ती फक्त चपलेला लागून, आणि तीही अक्का दारातच पुसून काढायची. त्र्यंबकराव पिशवी घेऊन एका सार्वजनिक बागेत गेले. माळी म्हणाला, ऑफिसात विचारा. ऑफिसातला तरुण कारकून मान वर न करता म्हणाला, "अर्ज लागेल. मातीचं प्रयोजन लिहा आणि किती घनफूट ते लिहा."

"अहो, श्रीखंडाच्या डब्यात मावेल एवढी हवी."

"माती गौण खनिजात येते काका. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय. अर्ज आणा, आणि साहेब रजेवर आहेत."

'साहेब रजेवर आहेत' हे वाक्य त्र्यंबकराव तीस वर्षं बोलले होते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ते कसं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. रिकामी पिशवी घडी घालून ते घरी आले.

सकाळी कसबा बावड्याचा ज्ञानू दूध घालायला आला. त्यानं सगळी हकिकत ऐकली आणि दुधाचं माप हातातच राहून तो हसत सुटला. "मातीला अर्ज? आवो आण्णा, आमच्या रानात माती सोडून दुसरं हाय काय?" दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर दोन किटल्यांच्या मध्ये काळ्याभोर मातीचं पोतं घेऊन तो हजर झाला. वर "आनि लागली तर सांगा, नदी दरवर्षी नवी आनून टाकतीया," असंही म्हणाला. भैरवीला ज्ञानू फार आवडला. त्या दिवसापासून ती 'हाय की' आणि 'नगा' म्हणायला लागली.

कुंड्यांत माती भरली. त्र्यंबकरावांनी गहू आणि मक्याचे दाणे पोरीच्या तळहातावर ठेवले आणि घसा साफ करून म्हणाले, "हे बघ बाळ, मातीत घातलेलं परत वर येतं. एकाचे दहा होऊन येतात." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आपलं बोलणं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकतंय हा अनुभव त्यांना नोकरीत कधी आला नव्हता.

मग घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी टीव्हीचा रिमोट, मग त्र्यंबकरावांचा जवळचा चष्मा, मग अक्काची खालची कवळी. धैर्यशील किल्ली शोधत येऊन गेला आणि 'आमच्या घरात आलेली वस्तू जात नाही' असं त्याला ठणकावून सांगण्यात आलं. अक्का कवळीशिवाय जे बोलत होती ते कुणाला कळत नव्हतं, पण चोराबद्दल होतं एवढं नक्की. कामाला येणाऱ्या बाईंवर संशय घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात भैरवी कुंडीला पाणी घालताना सहज म्हणाली, "अक्काआजीचे दात अजून वर आले नाहीत. दहा येणार आहेत."

सगळ्या कुंड्या उपसल्या. रिमोट निघाला, चष्मा निघाला, कवळी निघाली. किल्ली निघाली ती नेमकी धैर्यशील चौकशीला दारात उभा असताना. "गाडी येणार होती," पोरगी त्याला समजावून सांगत होती, "दहा गाड्या." धैर्यशीलनं एकदा पोरीकडे आणि एकदा कुंडीकडे बघितलं. "दहा येत असतील तर ऱ्हाऊ दे की मग," असं म्हणून त्यानं किल्ली पुसून खिशात टाकली. माणूस मनानं वाईट नव्हता, आवाजानंच होता.

त्र्यंबकरावांनी पोरीला पुढ्यात बसवलं. "काहीही पेरलं तर उगवत नाही. जे वाढतं, तेच उगवतं."

"मी वाढते."

"तू वेगळी."

"नखं वाढतात?"

"वाढतात."

"केस?"

"केसही वाढतात. चल, आता हात धू."

आपण बोललो त्यात काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं तर चुकलं नव्हतंही. अक्कानं गॅलरीत माती बंद केली आणि उरलेलं पोतं नवरात्रातल्या घटासाठी दाराआड ठेवून दिलं. त्र्यंबकरावांनी उपक्रम बंद केला नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओला कापूस घालून त्यावर गहू टाकले आणि डबे गॅलरीच्या कट्ट्यावर मांडले.

त्याच आठवड्यात पूर्णिमाचा व्हिडिओ कॉल आला. ती हसत होती, डोक्याला फडकं बांधलेलं होतं. बोलता बोलता ते घसरलं. तिनं पटकन सावरलं, पण पोरीनं बघितलं.

"आई, तुझे केस?"

पलीकडून फोन बंद झाला.

"आजोबा, आईचे केस कुठे गेले?"

"नेटवर्क नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"केसांना?"

त्र्यंबकराव उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडून त्यात बघत उभे राहिले. शेवटी अक्का पदराला हात पुसत आली. "देवीला दिलेत गं राणी. आईला बरं वाटावं म्हणून. देवी परत देते."

"कधी?"

"देईल. मनापासून मागितलं की देते."

पोरगी रडली नाही. घटस्थापनेच्या दिवसापासून तर तिच्या हातात तो चापही दिसेना, उशाशीही दिसेना. त्र्यंबकरावांनी मोहितला फोन करून सांगितलं, "पोरगी रमली बघ. चापाची आठवणसुद्धा काढत नाही. उपक्रमाचा परिणाम."

घट बसला. परडीत ज्ञानूची काळी माती, तीत गहू-ज्वारीसकट सात धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर नारळ, शेजारी अखंड दिवा. एकदा बसवला की दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही. धान जसं उगवेल तसं घराचं वर्ष जातं, हे अक्का लहानपणापासून मानत आली होती. त्र्यंबकराव मानत नव्हते. 'सात धान्यं ओल्या मातीत टाकली की उगवणारच, त्यात देवी कुठं आली?' हे त्यांचं दरवर्षीचं भाषण होतं. या वर्षी अक्कानं भाषण होऊ दिलं नाही. पोरगी खेळायला गेलेली बघून ती हळू आवाजात म्हणाली, "त्र्यंबक, या वेळेला पूर्णिमासाठी बसवलाय. दाटून आला तर ती तरली. तू तोंड उघडू नकोस."

तिसऱ्या माळेला तुरळक हिरवे ठिपके दिसले. चौथ्या माळेला बाकीची परडी भरत आली, पण घटाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा बोडकी राहिली. माती तिथं रोज विस्कटल्यासारखी दिसे. शेजारणी येऊन बघून जायला लागल्या आणि प्रत्येकीकडे सल्ला होता. एक म्हणाली ऊन कमी, एक म्हणाली पाणी जास्त, एक म्हणाली माती नदीकाठची घ्यायची नसते, ती पुराची असते. वर्षाराणीनं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडून गेलं, "आगं बया, घटाला टक्कलच पडल्यागत झालंय की."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. ती ओठांवर हात ठेवून तशीच मागच्या मागं गेली.

अक्का उपास करतच होती, त्या दिवसापासून तिनं उपासाचं खाणंही सोडलं. फक्त पाणी आणि बीपीची गोळी. बोलणंही बंद झालं. दिवसभर परडीसमोर बसून ती त्या बोडक्या जागेकडे बघत राहिली. त्र्यंबकरावांनी समजावलं, रागावून बघितलं, उगवणक्षमता आणि आर्द्रता यांवर सविस्तर बोलले. ती म्हणाली, "कावळा शिवला नाही. आता घट उगवत नाही. अजून काय सांगायचं असतं रे देवीनं?" पोरगी दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

आणि गॅलरीत, श्रीखंडाच्या डब्यांत, गहू वीतभर वाढून डोलत होते.

ललितापंचमीला दुपारी गल्लीतल्या बायकांनी अक्काला ओढून टेंबलाईदेवीच्या जत्रेला नेलं. भैरवी झोपली होती. त्र्यंबकरावांनी दार लोटलं, डबे आत आणले, कपाटातून मिशीचे पांढरे केस उपटायचा चिमटा काढला आणि आयुष्यात प्रथमच देवीपुढं गुडघे टेकले. घट हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, आणि गुडघा दुखतोय हे कुणाला सांगायची सोय नाही. एकेक रोप कापसातून सोडवून ते बोडक्या जागेत खोचत होते. वाकता वाकता मिशीचं डावं टोक दिव्याला लागलं आणि चर्र आवाज आला. त्यांनी तसंच काम पुढं चालू ठेवलं. संध्याकाळी मिशीची ती बाजू उजव्या बाजूपेक्षा बोटभर आखूड भरली.

शेवटचं रोप खोचत असताना झेंडूची माळ घेऊन वर्षाराणी आत आली.

"काका! देवीच्या घटात हात?"

"तण... तण काढतोय," त्र्यंबकराव म्हणाले.

वर्षाराणीनं घट बघितला. सकाळी टक्कल होतं, आता हिरवंगार होतं. समोर जन्मभराचा नास्तिक गुडघ्यांवर होता, मिशी जळून धूर निघत होता आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. पाणी धुराचं होतं. पण तिनं हात जोडले आणि ती ओरडतच जिन्यात पळाली, "आवो, या की बगायला! घट भरला! काकांच्या हातनं देवीनं घट भरला!"

तासाभरात जिना भरला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अपार्टमेंटातले लोक आले, मग पलीकडच्या गल्लीतले. धैर्यशीलनं सेक्रेटरी या नात्यानं कारभार हातात घेतला. चपला खाली, रांग डाव्या हातानं, लिफ्ट फक्त म्हाताऱ्यांना. "काका, तुम्ही फकस्त बसून ऱ्हावा. बोलू नगा. बोलला की तुमचं सगळं वाया जातंय," असं त्यानं बजावलं. माणसं त्र्यंबकरावांच्या पाया पडायला लागली. भैरवी रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होती, "ते आमचं गहू हाय, आजोबांनी लावलंय." लोक तिच्या गालाला हात लावून म्हणत, "आजोबांनीच लावलं बाळा, पण करवून घेणारी ती."

त्र्यंबकरावांनी सगळ्यांना खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं, अगदी शब्दसुद्धा जुळवले होते. पण पहिल्याच संध्याकाळी टेंबलाईहून येऊन अक्का परडीसमोर बसली आणि म्हणाली, "साबुदाणा आहे का रे थोडा?" तिनं वाटीभर खिचडी खाल्ली. मग मोहितला फोन लावला. "उगवला रे. दाटून उगवला. पूर्णिमाला सांग." फोनमधून मोहितच्या रडण्याचा आवाज आला. त्यानंतर खरं सांगायला तोंड कुठून आणणार?

खोचलेलं रोप मात्र दुसऱ्याच दिवशी माना टाकतं. त्र्यंबकराव रांगेच्या मधल्या वेळात, अंगावर उपरणं घेऊन, उपरण्याखाली चिमटा घेऊन मेलेली रोपं काढत आणि नवी खोचत. डबे संपत आले. त्यांना देवीची भीती वाटत नव्हती, पण डबे संपण्याची वाटत होती. हे रोप सुकलं तर अक्का जेवणार नाही, आणि अक्का जेवली नाही तर पुण्याला कळेल, आणि मग पूर्णिमाला कळेल. शिकलेला माणूस, पण चिमट्यातलं गव्हाचं एक पातं वाकलं की त्यांच्या काळजात चर्र व्हायचं. लाज वाटायची, तरी व्हायचं.

सातव्या माळेला भर दुपारी ते खोलीत आले तर भैरवी परडीपाशी चमचा घेऊन बसली होती आणि नेमक्या त्याच जागी माती उकरत होती.

"भैरवी!"

चमचा हातातून पडला.

"रोज तूच उकरतेस?"

"बघत होते, आलं का ते."

त्र्यंबकरावांचा इतक्या दिवसांचा सगळा राग, सगळी भीती एकदम बाहेर आली. "असं उकरून बघायचं नसतं! पेरलं की वाट बघायची. सारखं उकरलं की मरतं ते!"

पोरगी पांढरी पडली. "मरतं?"

तो शब्द या घरात महिनाभर कुणी उच्चारला नव्हता. त्र्यंबकराव खाली बसले. "म्हणजे... येत नाही वर. नीट झाकून ठेवायचं, पाणी घालायचं आणि हात लावायचा नाही. मग येतं. वेळ लागतो."

तिनं दोन्ही हातांनी माती सारखी केली, थोपटली, हात धुतले. त्यानंतर ती परडीच्या जवळही गेली नाही. लांबूनच बघायची, आणि रांगेतलं कुणी जास्त वाकलं की ओरडायची, "हात लावू नगा!"

दसऱ्याला मोहित पूर्णिमाला घेऊन आला. पुढच्या इंजेक्शनला थोडे दिवस होते म्हणून डॉक्टरांनी सोडलं होतं. ती लिफ्टमधून चार पावलं चालून आली आणि दारातच खुर्चीवर टेकली. अंगाची पार काडी झाली होती, डोक्याला गच्च रुमाल. भैरवीनं तिला मिठी मारली आणि मग मागं सरून रुमालाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात मोहित वडलांना हलक्या आवाजात सांगत होता, "रिपोर्ट धड नाही बाबा. डॉक्टर म्हणतात, परत एकदा उघडून बघावं लागेल." त्र्यंबकराव ओट्याला धरून उभे होते. आपल्या मागं पोरगी पाण्याचं फुलपात्र घेऊन उभी आहे हे दोघांनाही कळलं नाही.

घट उठवायला घरचे होते, वर्षाराणी होती, धैर्यशील होता. अक्कानं हात जोडले, घट हलवला, बाजूला काढला आणि परडी ताटात पालथी केली. मातीचा अख्खा गड्डा सुटून आला. खालून पांढऱ्या मुळ्यांची जाळी, आणि एका बाजूला मुळ्यांत अडकलेले कापसाचे पुंजकेच पुंजके.

अक्कानं एक पुंजका बोटांत धरला. "देवी कापसात कधीपासून पेरायला लागली रे त्र्यंबक?"

धैर्यशीलनं वर छताकडे बघितलं. त्र्यंबकरावांनी अर्ध्या मिशीवर हात ठेवला, पण अक्काचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कापूस बाजूला करून आत काहीतरी बघत होती. मुळ्यांच्या आत, अगदी तळाशी, जांभळं काहीतरी दिसत होतं. तिनं माती झाडली. तो चाप होता. त्याच्या दातांतले लांब काळे केस मातीत पसरले होते आणि गव्हाच्या मुळ्या त्यांतून आरपार गेल्या होत्या.

"आगं बाई, घटात केस," वर्षाराणी कुजबुजली, "अपशकुन..."

"गप बस," अक्का म्हणाली. या घरात केस पडलेलं पाणीही देवाला चालत नसे. तिनं तो चाप पदरात घेतला आणि कपाळाला लावला. मग तिला रडू फुटलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.

"वर आले नाहीत," भैरवी म्हणाली. "मी आधी उकरलं म्हणून. आता नाही उकरणार."

पूर्णिमानं हळूच मानेमागं हात नेला, रुमालाची गाठ सोडली आणि तो मांडीवर ठेवला. मग लेकीला म्हणाली, "ये."

दसऱ्याला घटातलं धान कानावर, केसांत खोवायचं असतं. भैरवीनं गड्ड्याचा तुकडा तोडला, मातीसकट, मुळ्यांसकट, कापसासकट, आणि आईच्या डोक्यावर मधोमध ठेवून दोन्ही हातांनी थोपटला. काळी माती कपाळावरून, मानेवरून ओघळली. मग तिनं फुलपात्रातलं पाणी हळूहळू ओतलं. पूर्णिमा डोळे मिटून ताठ बसली होती आणि तिनं ते पुसलं नाही. गव्हाची चार-दोन पाती तिच्या डोक्यावर उभी राहिली. धैर्यशील तोंड फिरवून जिन्यात गेला.

"आता हात लावायचा नाही," भैरवी आईला म्हणाली. "डॉक्टरकाकांना पण सांग. सारखं उकरून बघू नगा म्हणावं. उकरलं की मरतं."

"सांगते," पूर्णिमा म्हणाली.